यथाबल : दिव्यांगांचा रोजगार आणि मनाचे आरोग्य

आम्ही या स्मरणिकेच्या वाचकांपुढे एक अभ्यासाचा विषय ठेवीत आहोत. दिव्यांग बांधव-भगिनींचा रोजगार आणि त्यांच्या मनाचे आरोग्य, हा तो विषय होय. वरवर पाहता हे दोन प्रश्न निराळे वाटतात. रोजगार हा सरकारचा व कारखानदारांचा प्रश्न आणि मन हा डॉक्टरांचा किंवा भन्तेजींच्या प्रवचनाचा प्रश्न, अशी आपण वाटणी करून टाकतो. मग दिव्यांग माणूस खचला की आपण त्याला म्हणतो, "मन खंबीर ठेव." त्याचे मन कशामुळे खचले आणि त्यात आपला वाटा किती, हे मात्र आपण विचारीत नाही. माणसाला त्याच्या बळाप्रमाणे काम आखून देणे हे धम्माने सांगितलेले आणि आता कायद्यानेही मान्य केलेले कर्तव्य आहे, आणि मनाचे आरोग्य फार मोठ्या प्रमाणात त्या कर्तव्याच्या पालनावर अवलंबून आहे, हे समजून घेण्याचा प्रयत्न आपण येथे करू.

१. प्रश्न केवढा आहे?

२०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. लोकसंख्येशी हे प्रमाण २.२१ टक्के होते. महाराष्ट्रातील संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार होती. अनुसूचित जातींमध्ये हेच प्रमाण २.४५ टक्के, म्हणजे एकूण सरासरीपेक्षा जास्त आढळले. यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. अर्धपोटी राहणे, बाळंतपणातील हेळसांड, वेळेवर न मिळालेले औषध आणि धोक्याची अंगमेहनत यांतून अपंगत्व वाढते, आणि या गोष्टी गरिबाच्याच वस्तीत अधिक असतात. म्हणून हा प्रश्न आपल्या समाजाचा आहे.

त्याच जनगणनेप्रमाणे दर १०० दिव्यांग पुरुषांपैकी सुमारे ४७ जण काही ना काही काम करीत होते. स्त्रियांमध्ये हा आकडा सुमारे २३ होता. वर्षातील थोडेच दिवस काम मिळालेल्यांचीही गणना यात झालेली आहे. दिव्यांग स्त्रीच्या वाट्याला दुहेरी अडचण येते. ती आमच्या समाजातील असेल, तर जातीची तिसरी अडचणही सोबत असते.

आता मनाच्या आरोग्याकडे पाहू. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. तीत सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे दिसले. निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नैराश्य आणि चिंताविकार यांमुळे जगात दरवर्षी सुमारे १२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात.

येथे विद्यार्थ्यांनी एक भेद ध्यानात घ्यावा. मानसिक आजार हे स्वतःच एक दिव्यांगत्व असू शकते. त्याचप्रमाणे ज्याला दृष्टीचे, ऐकण्याचे किंवा हातापायाचे दिव्यांगत्व आहे, त्याला बेकारीमुळे व अवहेलनेमुळे मानसिक त्रास होऊ शकतो. या दोन्ही बाबी प्रस्तुत लेखात येतात, कारण दोहोंची गाठ कामाच्या जागी पडते.

२. काम गेल्यावर मनाचे काय होते?

काम म्हणजे केवळ पगार नव्हे, हे वाक्य आपण अनेकदा ऐकतो. त्याचा अर्थ नेमका समजावा म्हणून एक जुना अभ्यास पाहू. ऑस्ट्रियातील मारीएन्थाल या गावी एकच मोठी कापडगिरणी होती. १९३० च्या सुमारास ती बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे जाऊन केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांपाशी आता भरपूर रिकामा वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण वाढण्याऐवजी घटले. लोकांची चाल मंदावली, दिवसाचा आकार हरवला. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावात जे घडले ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

काम माणसाला वेतन देते, दिवसाला शिस्त देते, घराबाहेरची माणसे देते आणि आपली कोणाला तरी गरज आहे ही जाणीव देते. दिव्यांग माणसाला काम नाकारले की या चारही गोष्टी एकदम नाकारल्या जातात. ज्याला नोकरी मिळते त्याचेही सर्व काही ठीक होतेच असे नाही. जिना चढता येत नाही म्हणून सभेला न बोलावणे, बहिऱ्या सहकाऱ्याला बैठकीत काय ठरले ते न सांगणे, 'याला जमणार नाही' म्हणून वर्षानुवर्षे एकाच टेबलाशी बसवून ठेवणे, असे प्रकार घडतात. मानसिक आजार असलेला कर्मचारी तर आजार लपवून ठेवण्यातच आपली निम्मी शक्ती खर्च करतो. गोळी चोरून घ्यायची, रजेचे कारण खोटे सांगायचे आणि उघड झाले तर काय, या भीतीत झोप घालवायची. आजारापेक्षा लपविण्याचा ताण पुष्कळदा अधिक असतो.

३. धम्माचा आधार

संयुत्तनिकायातील सल्लसुत्तात भगवंतांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. शरीराला होणारी वेदना हा पहिला बाण. तिच्याबद्दल शोक आणि संताप करून मनाला करून घेतलेली वेदना हा दुसरा बाण. शहाणा उपासक दुसरा बाण लागू देत नाही. हा उपदेश ज्याला वेदना आहे त्याच्या हिताचा आहे. पण आपण त्याचा सोयीस्कर वापर करता कामा नये. समाज आणि मालक यांनी मारलेले बाण वेगळे असतात, आणि ते थांबविण्याची जबाबदारी मारणाऱ्यावर असते. 'दुसरा बाण लागू देऊ नकोस' असे जखमी माणसाला सांगत असताना आपल्या हातात धनुष्य नाही ना, हे पाहावे.

दुसरा मुद्दा कर्माचा. 'मागच्या जन्मीचे भोग' हे शब्द दिव्यांगाच्या कानावर लहानपणापासून पडतात आणि त्याचे मन आतून पोखरतात. मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने भगवंतांना विचारले होते, की माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकृत्यांचेच फळ असते काय? भगवंतांनी तसे म्हणणे चूक ठरविले. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, अपघात अशी अनेक कारणे त्यांनी दाखवून दिली. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या या कल्पनेची कठोर चिकित्सा केली आहे. तरीदेखील धम्मदीक्षा घेतलेल्या काही घरांत आजही मानसिक आजार झालेल्या मुलाला आधी देवऋषाकडे नेतात आणि डॉक्टरकडे सर्वात शेवटी. हे थांबले पाहिजे.

तिसरा आणि आमच्या मते सर्वात महत्त्वाचा आधार दीघनिकायातील सिगालोवाद सुत्ताचा आहे. गृहस्थाच्या विनयाचे हे सुत्त. त्यात मालकाने नोकराप्रती पाळावयाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : त्याच्या बळाप्रमाणे काम नेमून देणे, जेवण व वेतन देणे, आजारपणात त्याची सेवा करणे, चांगलेचुंगले वाटून खाणे आणि योग्य वेळी सुट्टी देणे. पहिल्या कर्तव्यासाठी पालीत 'यथाबल' हा शब्द आला आहे. माणसाचे बळ पाहून कामाची रचना करावयाची, हा त्याचा अर्थ. काम आधी पक्के करून त्यात न बसणाऱ्या माणसाला बाहेर काढणे या सुत्तात बसत नाही. पाचही गोष्टी येथे मालकाची कर्तव्ये म्हणून आल्या आहेत. दया किंवा दान म्हणून त्यांचा उल्लेख नाही.

हे तत्त्व व्यवहारात कसे उतरते ते चूळपन्थकाच्या कथेत दिसते. चार महिने प्रयत्न करूनही त्याला एक गाथा पाठ होईना. थोरल्या भावाने, जो स्वतः भिक्खू होता, त्याला विहार सोडून जाण्यास सांगितले. भगवंतांनी त्याला परत आणले, हातात एक स्वच्छ वस्त्र दिले आणि ते चोळीत राहण्यास सांगितले. मळत जाणाऱ्या वस्त्रातून त्याला अनित्यता उमगली आणि तो अर्हत झाला. शिकण्याचे ध्येय तेच राहिले, मार्ग तेवढा बदलला. सामावती राणीची दासी खुज्जुत्तरा पाठीने वाकलेली होती. भगवंतांचा उपदेश ऐकून येऊन ती राणीला व अंतःपुरातील स्त्रियांना धम्म शिकवू लागली, आणि बहुश्रुत उपासिकांमध्ये भगवंतांनी तिला अग्रस्थान दिले. पटाचारेने एकाच सुमारास पती, दोन मुले, आईवडील आणि भाऊ गमावले. तिचे भान हरपले आणि लोक तिला ढेकळे मारून हाकलू लागले. भगवंतांनी तिला जवळ येऊ दिले. पुढे भिक्खुणीसंघात विनय जाणणाऱ्यांमध्ये ती पहिली ठरली. जिला लोक वेडी म्हणत होते, तिच्याकडे नियमांच्या ज्ञानाचा अधिकार आला.

अभ्यासकाने दुसरी बाजूही पाहावी. विनयपिटकात आंधळे, बहिरे, लंगडे अशा अनेकांना आणि काही रोग असलेल्यांना प्रव्रज्या देऊ नये असे नियम आहेत. भिक्षेवर जगणाऱ्या व पायी फिरणाऱ्या त्या काळच्या संघाची ती व्यवस्था होती. ते नियम लपविण्याचे कारण नाही आणि आजच्या नोकरीत किंवा आपल्या संस्थेत त्यांचा दाखला देण्याचेही कारण नाही. गृहस्थाच्या व्यवहाराला सिगालोवाद सुत्त लागू होते.

४. कायदा काय देतो?

संविधानाच्या कलम ४१ मध्ये बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता अशा प्रसंगी राज्याने साहाय्य करावे, तसेच कामाचा हक्क मिळवून द्यावा, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. मात्र भेदभावाला मनाई करणाऱ्या कलम १५ मधील कारणांच्या यादीत अपंगत्वाचा उल्लेख नाही. ती उणीव पुढे कायद्याने भरून काढावी लागली.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने सरकारी नोकरीत ३ टक्के जागा राखून ठेवल्या. त्या कायद्यात मानसिक आजार हे अपंगत्व म्हणून मान्य होते, परंतु नोकरीतील राखीव जागा केवळ दृष्टी, श्रवण आणि हालचालींच्या अपंगत्वासाठी होत्या. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कांचा करार २००६ मध्ये झाला आणि भारताने २००७ मध्ये त्याला मान्यता दिली. त्यानंतर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यातील पुढील तरतुदी प्रत्येक विद्यार्थ्याने वहीत लिहून ठेवाव्यात.

(१) दिव्यांगत्वाचे प्रकार २१ झाले. ४० टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर त्यास लक्षणीय दिव्यांगत्व म्हणतात आणि आरक्षण त्यांना मिळते.

(२) सरकारी नोकरीत ४ टक्के जागा राखीव आहेत. त्यांतील १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविध दिव्यांगत्व यांसाठी आहे. त्यासाठी योग्य पदे निश्चित करावी लागतात, म्हणून जाहिरात बारकाईने वाचावी.

(३) शासकीय व शासन अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के जागा राखीव आहेत.

(४) सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आले, तर त्या कारणाने काढून टाकता येत नाही किंवा खालच्या पदावर नेता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते. तेही नसेल तर अधिसंख्य पदावर ठेवावे लागते.

(५) वाजवी सोय, म्हणजे दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने काम करता यावे म्हणून कामात व जागेत करावयाचे आवश्यक बदल, सरकारी आस्थापनेने केलेच पाहिजेत.

(६) प्रत्येक आस्थापनेने, खासगी असली तरी, समान संधी धोरण जाहीर करावयाचे आहे. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने संपर्क अधिकारीही नेमावयाचा आहे. खासगी क्षेत्रात राखीव जागांची सक्ती मात्र नाही.

दिव्यांगांचे आरक्षण हे समांतर आरक्षण आहे, हे १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात स्पष्ट झाले. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या व्यक्तींना केंद्रातही आरक्षण मिळू लागले. म्हणून आपल्या दिव्यांग विद्यार्थ्याने जातीचा दाखला आणि दिव्यांगत्वाचे वैश्विक ओळखपत्र, दोन्ही तयार ठेवावे. एक दाखला आहे म्हणून दुसऱ्याकडे दुर्लक्ष झाले, तर हक्काची संधी हातची जाते.

मनाच्या आजाराबाबत मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क आहे, विम्यामध्ये मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच वागविले पाहिजे, आणि मानसिक आजार आहे एवढ्यावरून कोणी अस्थिर बुद्धीचा ठरत नाही.

न्यायालयानेही या दिशेने पाऊल टाकले आहे. केंद्रीय राखीव पोलीस दलातील मानसिक आजार असलेल्या एका अधिकाऱ्यावर खात्याची चौकशी चालू होती. १७ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. मानसिक अपंगत्व हे त्या वर्तनाचे एकमेव कारण नसले, अनेक कारणांपैकी एक असले, तरी भेदभाव सिद्ध होतो, असे न्यायालयाने सांगितले. अधिकारी आताच्या कामास योग्य नसेल तर वेतन कायम ठेवून दुसरे पद द्यावे, आणि त्या पदावर शस्त्रांशी संबंध येऊ न देण्याची मोकळीक खात्याला राहील, असाही आदेश झाला. नोकरी टिकली, सुरक्षितताही राखली गेली, फक्त काम बदलले. 'यथाबल' या शब्दाचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

५. कामाच्या जागी काय करावे?

पुष्कळ मालकांना वाटते की सोय म्हणजे मोठा खर्च. उतरण बांधायला, योग्य स्वच्छतागृह करायला खर्च येतो हे खरे. पण अंध कर्मचाऱ्याला संगणक वाचून दाखविणारी एनव्हीडीए ही प्रणाली मोफत मिळते. बहिऱ्या कर्मचाऱ्याला बैठकीचा वृत्तान्त लेखी देण्यास कागदापलीकडे काही लागत नाही. मानसिक आजार असलेल्या कर्मचाऱ्याला लागणाऱ्या सोयी तर बहुधा वेळेच्या आणि वागणुकीच्या असतात : औषधाने सकाळी गुंगी येत असेल तर कामाची वेळ तासभर पुढे नेणे, रात्रपाळी टाळणे, तपासणीच्या दिवशी सुट्टी देणे, सूचना तोंडी न देता लिहून देणे, गोंगाटापासून दूरची जागा देणे, आणि आजारपणानंतर थोड्या तासांपासून पुन्हा सुरुवात करू देणे.

आधी बरे व्हा, प्रशिक्षण घ्या, मग नोकरी, अशी जुनी पद्धत होती. त्यात अनेकांचे आयुष्य प्रशिक्षणातच सरते. १९९० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी उलट क्रम घेतला. तीव्र मानसिक आजार असलेल्या ज्या माणसाला काम करण्याची इच्छा आहे, त्याला त्याच्या आवडीची खरी, बाजारभावाने पगार देणारी नोकरी लवकर मिळवून द्यावयाची, आणि नोकरीत असतानाच उपचार करणारे व रोजगार मिळवून देणारे यांनी मिळून त्याला आधार द्यावयाचा. अनेक देशांत झालेल्या चाचण्यांत या पद्धतीने अधिक लोक नोकरीला लागले. आपल्याकडे वरोऱ्याच्या आनंदवनाने कुष्ठरोगमुक्त माणसांच्या हातांना काम देऊन याच विश्वासाचा धडा दिला. मात्र दिव्यांगांसाठी वेगळी वसाहत किंवा वेगळी कार्यशाळा हा शेवटचा मुक्काम समजू नये. सर्वांच्या बरोबरीने एकाच छताखाली काम, हेच ध्येय असावे.

६. आपले कर्तव्य

आपला समाज आता केवळ नोकरी मागणारा राहिलेला नाही. आपल्या शाळा आहेत, वसतिगृहे आहेत, पतसंस्था आहेत, छापखाने आणि दुकाने आहेत. अनेक ठिकाणी आपणच मालक आहोत. तेव्हा सिगालोवाद सुत्त प्रथम आपल्याला लागू होते. आम्ही पुढील सूचना करीत आहोत.

(अ) प्रत्येक विहाराचे प्रवेशद्वार आणि सभागृह चाकाच्या खुर्चीतून येता येईल असे करावे.

(आ) वस्तीतील दिव्यांगांची यादी, त्यांच्या संमतीने, तयार करून त्यांना दाखले मिळवून देण्यास कार्यकर्ते नेमावेत. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. त्याचा हिशोब विचारावा.

(इ) संस्थेत नोकरभरती करताना एक तरी जागा दिव्यांग उमेदवाराच्या बळानुसार आखून भरावी, आणि पूर्ण पगारावर भरावी.

(ई) घरात कोणी सतत उदास असेल, झोप-भूक गेली असेल, जीव नकोसा झाल्याचे बोलत असेल, तर त्याला एकटे सोडू नये. १४४१६ हा 'टेलि-मानस' सेवेचा मोफत दूरध्वनी क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो विहाराच्या फलकावर लिहावा.

(उ) वाजवी सोय नाकारली गेल्यास प्रथम लेखी अर्ज करावा, सरकारी कार्यालयात तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे, आणि पुढे पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागावी. कागद जपून ठेवावेत.

३ डिसेंबर हा जागतिक दिव्यांग दिन आणि ६ डिसेंबर हा महापरिनिर्वाण दिन. या तीन दिवसांच्या अंतरात प्रत्येक शाखेने वरील पाच सूचनांपैकी किती अमलात आणल्या, याचा आढावा सभेत वाचून दाखवावा अशी आमची विनंती आहे. बाबासाहेबांनी आपल्याला हक्कासाठी संघटित व्हायला शिकविले. ती संघटना आपल्यातील चूळपन्थकाला विहाराबाहेर काढते की परत आत आणते, हे आपल्याच हातात आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. १९९५ आणि २०१६ च्या कायद्यांत मानसिक आजार असलेल्यांच्या नोकरीबाबत कोणता फरक आहे?
२. 'यथाबल' आणि 'वाजवी सोय' या दोन कल्पनांतील साम्य उदाहरणासह लिहा.
३. दोन बाणांच्या दृष्टान्ताचा कोणता वापर योग्य व कोणता अयोग्य, ते स्पष्ट करा.
४. आपल्या शाळेची, महाविद्यालयाची किंवा विहाराची इमारत पाहून तेथे कराव्या लागणाऱ्या तीन सोयी सुचवा.

जय भीम!